राजा कुणाचा?

दख्खनच्या इतिहासात एक राज्यकर्ता असा होऊन गेला, की त्याच्या वंशाबद्दल वाद घालायला जागाच नाही. मलिक अंबर. १५४८च्या सुमारास इथिओपियात जन्म, लहानपणीचे नाव चापू. गुलामांच्या बाजारात हातोहात विकला जात तो अरबस्तान आणि बगदादमार्गे दख्खनला पोहोचला, तेव्हा ऐन विशीत होता. निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगेजखानही मूळचा हबशी गुलामच. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला आणि निजामशाही बुडाली असे सगळ्यांनी धरले. तेव्हा याच अंबराने राजघराण्यातला एक तरुण शोधून परांड्याला गादीवर बसवला. पुढे १६२६ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, त्याने अकबर आणि जहांगीर अशा दोन बादशहांच्या फौजा झुंजवल्या. आपला बीड-धारूरचा टापू हा त्याच निजामशाहीचा मुलूख.

आज जिल्ह्यात कुणालाही मलिक अंबराचे नाव विचारावे. पुष्कळांना ते ऐकून माहीत असते, काहींना छत्रपती संभाजीनगरची नहर आठवते. पण हा माणूस आफ्रिकेतून आलेला, काळ्या वर्णाचा होता असे सांगितले, की ऐकणारा क्षणभर थांबतो. पाठ्यपुस्तकात तो निजामशाहीचा वजीर म्हणून येतो आणि दोन-चार ओळींत जातो. यंदाच्या अंकासाठी ‘राज्यकर्त्यांचा वंश’ हा विषय आम्ही घेतला, त्याचे मूळ या थांबण्यात आहे.

जगात हा विषय पेटतो तो इजिप्तवरून. २०२३ साली एका मालिकेत क्लिओपात्राची भूमिका कृष्णवर्णीय अभिनेत्रीने केली आणि इजिप्तच्या पुरातत्त्व खात्याने निवेदन काढले, की राणी ग्रीक वळणाची आणि उजळ वर्णाची होती. क्लिओपात्राचे घराणे मॅसिडोनियातून आलेले, हे खरेच आहे. पण वाद तिच्या एकटीचा नाही. सेनेगलचे विद्वान शेख अंता दियोप यांनी आयुष्यभर मांडले, की पिरॅमिडांची संस्कृती ही काळ्या आफ्रिकेची संस्कृती आहे. १९७४ मध्ये कैरो येथे युनेस्कोने भरवलेल्या परिषदेत यावर समोरासमोर वाद झडला. दियोप यांचे सगळे पुरावे टिकले नाहीत, पण त्यांची चीड समजून घ्यायला हवी. इसवी सनापूर्वी आठव्या-सातव्या शतकांत इजिप्तवर नाईलच्या वरच्या अंगाच्या कुश देशातून आलेल्या पिये, तहार्का या राजांनी राज्य केले. हे राजे काळे होते. त्यांची थडगी आणि मंदिरे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी संशोधक जॉर्ज राइसनर यांनी उकरली. पण काळी माणसे एवढे उभारतील हे त्यांच्या मनाला पटेना, म्हणून त्यांनी हे राजे गोऱ्या लिबियन वंशाचे ठरवले. डोळ्यांसमोर दगडात कोरलेला चेहरा असताना विद्वान माणसाला तो दिसला नाही.

आणि हा रोग परक्या देशांपुरता नाही. १९०१च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांनी हिंदुस्थानातल्या माणसांची नाके मोजून वंश ठरवले. मराठी मुलखातल्या ब्राह्मण-कुणब्यांना त्यांनी शक आणि द्रविड यांच्या मिश्रणाच्या खान्यात टाकले. त्या नाकमोजणीला मराठी माणसांनीच सडेतोड उत्तरे दिली, याचा आपल्याला अभिमान हवा. इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या. तिथे त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्व मानणारे. गोऱ्यांच्या कवटीची ठेवण वेगळी असते, हा सिद्धांत इरावतीबाईंनी कवट्या मोजून सिद्ध करावा अशी त्यांची अपेक्षा होती. बाईंनी वेगवेगळ्या खंडांतल्या कवट्या मोजल्या आणि तसा फरक दिसत नाही, असे आपल्या प्रबंधात लिहिले. परक्या देशात, एकट्या बाईने, गुरूच्या तोंडावर. बाबासाहेब आंबेडकरांनी तर १९४८च्या आपल्या ग्रंथात नाकांची तीच मोजमापे हाती घेतली आणि दाखवून दिले, की ब्राह्मण आणि अस्पृश्य वंशाने वेगळे नाहीत. म्हणजे अस्पृश्यतेचे मूळ रक्तात शोधण्यात अर्थ नाही.

तरीही वंशाचा प्रश्न विचारूच नये, असे आम्ही म्हणणार नाही. अंबराचेच बघा. त्याच्या काळ्या रंगाचा विसर त्याच्या शत्रूंना कधी पडला नाही. जहांगिराने आपल्या आत्मचरित्रात त्याच्या रंगावरून त्याला शिव्या घातल्या आहेत. १६१६च्या सुमाराचे अबुल हसन या चित्रकाराचे एक चित्र आज डब्लिनच्या संग्रहालयात आहे. बादशहा पृथ्वीगोलावर उभा आहे, समोर भाल्यावर अंबराचे तोडलेले शिर खोचले आहे आणि बादशहा त्यावर नेम धरून बाण सोडतो आहे. ते शिर त्याला कधीच मिळाले नाही. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला मोगल आणि आदिलशाही यांच्या एकवटलेल्या फौजेचा अंबराने धुव्वा उडवला. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी कामी आले. दोन वर्षांनी अंबर वार्धक्याने वारला तेव्हा मोगलांच्याच इतिहासकाराला, मुतमदखानाला, लिहावे लागले, की युद्धात, सेनापतित्वात आणि कारभारात या माणसाला जोड नव्हती.

दरबारी चित्रकार हाशिम याने काढलेले अंबराचे चित्र पाहावे. बाजूने दिसणारा चेहरा, भरदार बांधा, गडद वर्ण, अंगात शुभ्र जामा. काहीही लपवलेले नाही आणि काहीही विद्रूप केलेले नाही. डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रुके १६१७ मध्ये त्याला प्रत्यक्ष भेटला. त्याने अंबराचा काळा रंग नोंदवला आणि चेहरा मात्र रोमन माणसासारखा करारी असल्याचे लिहिले. काळ्या माणसाच्या चेहऱ्यावरची हुकमत सांगायलाही त्याला रोमचाच दाखला लागला! त्या काळच्या युरोपीय व्यापाऱ्यांच्या नोंदींत आणखी एक हकीकत येते. अंबराने आपली मुलगी सुलतानाला दिली होती. सुलतानाच्या इराणी बेगमेने तिला गुलामाची पोर म्हणून हिणवले आणि ते प्रकरण सुलतानाच्या विषप्रयोगापर्यंत गेले. राज्य ज्याच्या मुठीत होते त्याच्या लेकीलाही जन्म चुकला नाही. म्हणून अंबर हबशी होता हे ठळक अक्षरांत सांगितले पाहिजे. ते गाळले, तर तो किती चढ चढून आला हेच कळणार नाही.

पण एवढेच सांगून थांबलो, तर जहांगिरापेक्षा आपण फार पुढे गेलो नाही. अंबराने जमिनीची पाहणी केली, तिची प्रत लावली आणि पिकाच्या मानाने सारा ठरवला. मराठी दफ्तरांत पुढे कितीतरी वर्षे ‘मलिकंबरी’ धाऱ्याचा हवाला दिलेला सापडतो. १६१० मध्ये त्याने खडकी हे गाव, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, राजधानी म्हणून वसवले आणि जमिनीखालून नहरी काढून तिथे पाणी आणले. त्याच्या हातून क्रौर्यही घडले, आणि त्याच्या फौजेत त्याच्यासारखेच विकत घेतलेले हबशी होते. हे सगळे मिळून अंबर होतो.

आता आपल्या घराजवळ येऊ. अंबाजोगाईला खोलेश्वराचे मंदिर आहे. खोलेश्वर हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा सेनापती. त्याचा मुलगा राम गुजरातच्या स्वारीत नर्मदेकाठी पडला. रामाच्या बहिणीने, लक्ष्मीने, भावाच्या स्मरणार्थ मंदिर बांधले आणि १२४० मध्ये तसा शिलालेख कोरवला. पावणेआठशे वर्षांपूर्वीची ही भाऊबीज आहे. अंबाजोगाईत वाढलेल्या किती मुलींना लक्ष्मीचे नाव माहीत आहे? यादवांबद्दल मात्र आपण तावातावाने बोलतो: ते मूळचे मराठी की कानडी? त्यांचे जुने लेख बहुतांशी कानडी आणि संस्कृत आहेत, शेवटच्या काळात मराठी वाढत गेली, आणि स्वतः ते आपले कूळ द्वारकेच्या कृष्णाशी जोडत होते. अभ्यासकांनी यावर जरूर लिहावे, आम्हीही या अंकात त्याला जागा दिली आहे. पण दोन प्रांतांनी यादवांना आपापल्या बाजूला ओढायचे आणि मधल्या मध्ये खोलेश्वराची लेक विसरायची, हे आम्हाला मान्य नाही.

बीड शहराच्या दक्षिणेची खजाना विहीर घ्या. निजामशाहीच्या काळात, १५८२च्या सुमारास, जहागीरदार सलाबतखानाने ती बांधवली आणि राजा भास्कर नावाच्या जाणकाराने तिची रचना केली, अशी नोंद आहे. आत ओवऱ्या आहेत. दोन भुयारांतून पाणी विहिरीत येते आणि तिसऱ्यातून शिवाराकडे जाते. वर मोट नाही, रहाट नाही. उताराचा अंदाज इतका नेमका, की पाणी आपोआप वाहते. बांधवणारा एका धर्माचा, आखणारा दुसऱ्या धर्माचा. भुयार खोदणाऱ्यांची नावे तर कुठेच नाहीत.

बलिप्रतिपदेला आपल्या आयाबहिणी ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ म्हणतात. बळी कोण? असुर. पुराणांनी त्याला पाताळात घातला आणि कुणब्याने त्याला उंबऱ्याच्या आत घेतला. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’त बळीराजाला शेतकऱ्यांचा आद्य राजा म्हणून उभे केले, आणि ते पुस्तक अर्पण केले अमेरिकेत निग्रोंना दास्यातून सोडवणाऱ्या लोकांना. पुण्यात बसून त्यांना आफ्रिकेच्या लेकरांचे दुःख आपले वाटले. हा धागा मराठी माणसाच्या हातात दीडशे वर्षे आहे. तो सोडायचा नाही, असे आम्हाला मनापासून वाटते.

कारण आपल्या जिल्ह्याने गेली दोन-तीन वर्षे जे भोगले, ते सर्वांसमोर आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनात इथे घरे जळाली. त्यानंतर चहाच्या टपरीवरसुद्धा माणसे आधी आडनाव विचारू लागली. २०२५च्या सुरुवातीला बीडच्या पोलीस अधीक्षकांनी पोलिसांच्या नामफलकांवरून आडनावे काढायला लावली आणि नुसती नावे ठेवली. एका जिल्ह्यावर ही वेळ यावी, याचे आम्हाला दुःख होते. तो निर्णय योग्यच होता.

एक गोष्ट याच काळात घडली. कुणबी नोंदी शोधणाऱ्या, निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामासाठी मराठवाडाभर मोडी कागद बाहेर निघाले. तहसीलच्या कपाटांतले, पाटील-कुलकर्ण्यांच्या वाड्यांतले, रुमालात बांधून माळ्यावर टाकलेले. मोडी वाचकांना अचानक मागणी आली. त्या शोधामागची निकड खरी आहे, पोराच्या शिक्षणाची आणि नोकरीची आहे. पण त्या कागदांतून जातीचा एक शब्द टिपला आणि बाकीची ओळ तशीच सोडून दिली. त्या बाकीच्या ओळीत सारा किती होता, दुष्काळात सूट किती मिळाली, बारव कुणी खोदली, पाटाचे पाणी कोणत्या वारी कुणाच्या शेतात जायचे, हे सगळे आहे. राज्यकर्ता कसा होता हे तिथे कळते.

म्हणून वाचकांना विनंती. ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांनी ते पुन्हा बांधून माळ्यावर टाकू नयेत. मोडी जाणणाऱ्याकडून पूर्ण वाचून घ्यावेत, त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि एक प्रत आमच्याकडे पाठवावी. शिक्षकांनी सहलीच्या यादीत वेरूळबरोबर खुलताबादची मलिक अंबराची कबर आणि अंबाजोगाईचे खोलेश्वर मंदिर घालावे आणि मुलांना तिथे अंबर कोण होता, लक्ष्मी कोण होती, हे काही न गाळता सांगावे. पुढच्या दिवाळीच्या अंकाची किमान वीस पाने या कागदांसाठी राखून ठेवली आहेत.