शोधलं म्हणजे शिकलं का?

'गूगल कर' हे आता घराघरांतलं वाक्य झालं आहे. शाळेत 'शिवजयंतीची माहिती लिहा' असा प्रकल्प दिला, की रात्री आई-बाबा मोबाईलवर माहिती काढतात, सकाळी झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट येते, वर एक चित्र चिकटतं आणि वही टेबलावर हजर! बऱ्याच वह्यांमध्ये तोच परिच्छेद असतो, शुद्धलेखनाच्या चुकाही त्याच.

यात मुलांना काय बोलणार? 'माहिती लिहा' या सूचनेचं उत्तर तयारच मिळतं, ते उतरवलं की काम संपलं. माझ्या मते बदल आपल्या प्रश्नात करायला हवा.

हाच विषय घेऊ. पाचवी-सहावीच्या मुलांना असं विचारा : "शिवजयंती वर्षातून दोनदा का साजरी होते?" याचं उत्तर सांगणारं एखादं वाक्य मुलांना लगेच सापडेल : एक तारखेप्रमाणे आणि एक तिथीप्रमाणे. इथे थांबू देऊ नका. पुढचं विचारा, "मग तारीख ठरलेली आणि तिथी दरवर्षी का सरकते?"

आता खरा शोध सुरू होतो. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख सापडते. तिथी सापडते फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. मुलं १५५१ मध्ये ७८ मिळवतात, तर १६२९ येतं! गणित चुकलं का? नाही. शक वर्ष चैत्रात सुरू होतं आणि फाल्गुनात संपतं. तोवर इंग्रजी वर्ष बदललेलं असतं, म्हणून इथे ७९ मिळवायचे. मग घरातली जुनी कॅलेंडरं काढा. तिथीप्रमाणे शिवजयंती २०२४ मध्ये २८ मार्चला होती, २०२५ मध्ये १७ मार्चला. अकरा दिवसांचा फरक. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं असतं हे वाक्य पाठ करण्यापेक्षा असं हाताला लागलेलं जास्त टिकतं. गणपती दरवर्षी वेगळ्या तारखेला का येतात, हे मग वेगळं शिकवावं लागत नाही.

शोधताना एखाद्याला जन्मवर्ष १६२७ असंही सापडेल. "सर, इथे वेगळंच दिलंय!" हे वाक्य वर्गात ऐकू आलं तर आनंद माना. जुन्या साधनांमध्ये वेगवेगळ्या नोंदी होत्या, अभ्यासकांनी त्या पडताळल्या आणि आज राज्य शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारलेली आहे. इतिहास पुराव्यावर उभा असतो, हे मुलांना यातून कळतं.

एवढं साधायला मोठी तयारी लागत नाही. शोधण्याआधी मुलाने प्रश्न स्वतःच्या शब्दांत वहीत लिहावा आणि आपल्याला काय वाटतं तेही लिहावं. निदान दोन ठिकाणी पाहावं, त्यातलं एक पाठ्यपुस्तक किंवा मराठी विश्वकोश असलेलं बरं. विश्वकोश आता ऑनलाइन मोफत वाचता येतो. मग मोबाईल बाजूला ठेवून उत्तर लिहावं आणि खाली कुठे वाचलं ते नोंदवावं. आणखी एक गोष्ट मुलांना सांगायलाच हवी : यादीत पहिलं आलेलं उत्तर सर्वांत खरं असेलच असं नाही. 'प्रायोजित' लिहिलेलं असेल तर ती जाहिरात असते.

घरात मोबाईल एकच असेल तर गटात काम द्या. चौघांत एक फोनही पुरतो, चर्चा उलट जास्त होते.

पालकांना एक विनंती. प्रकल्प तुम्ही शोधून देऊ नका. मूल शोधत असताना शेजारी बसा आणि "हे कुणी लिहिलंय? दुसरीकडे काय दिलंय?" एवढंच विचारा. आणि आपण शिक्षकांनी सजावटीचे गुण थोडे कमी करून मुलाने विचारलेल्या प्रश्नाला गुण द्यायला काय हरकत आहे?