साठचा बोर्ड आणि आपला इगो

सोलापूर हायवेने चौफुल्यापर्यंत सुसाट यायचं, उजवीकडे वळायचं आणि सुप्यावरून मोरगावला गणपतीच्या दर्शनाला जायचं. पुण्यातल्या कितीतरी ग्रुप्सचा हा ठरलेला वीकेंड रूट. गंमत अशी, की गाडी वळते, पण उजवा पाय हायवेवरच राहतो. मग स्पीड लिमिटचा बोर्ड दिसला की आपला पहिला डायलॉग, ‘हे काय, बैलगाडी चालवायची का?’

तर बॉस, बैलगाडी नाही, पण ऊस आहे. साखर कारखान्यांचा सीझन सुरू झाला, की बारामतीकडच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रभर चालतात. मागे लाल दिवा असेलच याची गॅरंटी नाही. शिवाय सुप्याजवळच मयूरेश्वर अभयारण्य आहे, १९९७ साली जाहीर झालेलं. चिंकाऱ्यांसाठी प्रसिद्ध, आणि क्षेत्रफळ जेमतेम सव्वापाच चौरस किलोमीटर. एवढ्याशा जागेत चिंकारा मावणार कसा? तो शेतात जातो, रस्ताही ओलांडतो.

आता थोडं दहावीचं फिजिक्स. कोरड्या रस्त्यावर ६०च्या स्पीडची कार ट्रॉली दिसल्यापासून थांबेपर्यंत साधारण ३७ मीटर खाते. शेजारची ८०ची कार? त्याच ३७ मीटरवर ती अजून ताशी ६०च्या आसपास धावत असते. पुन्हा वाचा. एक थांबलेली, दुसरी ६०ला. आणि वीस किलोमीटरमागे वाचतात किती, तर पाच मिनिटं. तेवढी तर आपण मिसळीच्या टेबलासाठी हसत घालवतो!

हे गणित बोर्ड सांगत नाही, तिथेच घोळ आहे. नुसता लाल गोल आणि आकडा. त्यात २०१८ साली केंद्राने कारची कमाल मर्यादा वाढवून एक्स्प्रेस-वेवर १२० आणि चौपदरी रस्त्यांवर १०० केली. राज्याला ती कमी ठेवता येते, पण लोकांच्या डोक्यात बसला तो मोठा आकडा.

वेल्समध्ये सप्टेंबर २०२३मध्ये वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी ३० मैलांचं लिमिट २० वर आणलं, तेव्हा विरोधाच्या पिटिशनवर साडेचार लाखांहून जास्त सह्या पडल्या. म्हणजे वैतागणारे फक्त आपणच नाही. तिथे सुरुवातीला अनेक चालकांना दंडाऐवजी रस्त्याकडेलाच अग्निशमन दलाच्या माणसांकडून धडा ऐकायचा पर्याय दिला. पुढे अशा रस्त्यांवरचे जखमी आणि मृत साधारण पाव भागाने कमी झाले. सगळे खूश झाले असं नाही, काही रस्त्यांचं लिमिट परत वाढवायची वेळही आली.

आपल्याकडे अपघातात गेलेल्यांना बाहेर काढणारे अग्निशमनचे जवान, ट्रॉमा वॉर्डातले डॉक्टर आहेतच की. चलनाच्या एसएमएसपेक्षा त्यांची पाच मिनिटं जास्त लागू पडतील, असं मला वाटतं. सुप्यात तर एक साधा बोर्ड पुरे: ‘पुढे ऊस, शाळेची पोरं आणि चिंकारा. ६०.’