रंग फासून गंज थांबत नाही

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील शिवपुतळ्याचे नट-बोल्ट गंजत असल्याचे पत्र सार्वजनिक बांधकाम खात्याने 20 ऑगस्ट 2024 रोजी पाठवले. सहाव्या दिवशी पुतळा कोसळला. त्याच महिन्यात तुंगभद्रा धरणाच्या 19व्या दरवाजाची साखळी तुटली आणि साठवलेले पाणी नदीत सोडावे लागले. दोष गंजाचा की जोडाचा, हा वाद तज्ज्ञ घालोत. 15 जून 2025ला पुणे जिल्ह्यातल्या कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल इंद्रायणीत पडला, चार जीव गेले. तो धोकादायक असल्याचे आधीच ठाऊक होते.

नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्याने हे लांबचे दुखणे समजू नये. लिंबोटी धरण आपल्या उशाला आहे, त्याचे पाणी पार उदगीरपर्यंत जाते. दरवाजाला रंग दिला की देखभाल झाली, असा सरकारी खाक्या. रंगकामाचे बिल चौरस मीटरवर निघते. गंज मात्र सगळीकडे सारखा लागत नाही. पाणी जिथे खाली-वर होते तो पट्टा, खालच्या कडेचे रबरी सील, गाळ अडकणारे कोपरे, वेल्डिंगचे सांधे इथेच तो पत्र्याला खड्डे पाडतो. वरून चकचकीत, सुरीने खरवडले की पापुद्रे. जमिनीखालच्या लोखंडी जलवाहिन्यांचे तर तेवढेही दिसत नाही. आपली काळी माती ओल धरते, उन्हाळ्यात भेगाळते, पाइपवरचे आवरण ओढून काढते.

उपाय जुना आहे. जस्ताचे वा मॅग्नेशियमचे तुकडे लोखंडाला जोडायचे. ते झिजतात, लोखंड वाचते. हम्फ्री डेव्हीने 1824 मध्ये जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यासाठी हेच तत्त्व वापरले. प्रश्न असतो तुकडे कुठे, किती नि किती अंतरावर लावायचे याचा. कमी पडले तर कोपरा उघडा राहतो. बाहेरून वीज देऊन संरक्षण करायचे आणि ती जास्त झाली, तर रंगच सुटून येतो. माती-पाण्याचा विद्युतरोध मोजून दिला की संगणक हजारो मांडण्या पडताळून सर्वांत स्वस्त आणि पुरेशी मांडणी काढतो. त्याला महासंगणक लागत नाही. नांदेडच्या विष्णुपुरीत 1981 पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या पोरांच्या हाती हे काम द्यायला हरकत कोणाची?

पण पत्र्याची जाडीच मोजली नाही, तर संगणक तरी काय करणार? जलसंपदा खात्याने पावसाळ्याआधी लिंबोटीच्या प्रत्येक दरवाजाची जाडी अल्ट्रासोनिक यंत्राने मोजावी, आकडे तालुक्यापुढे ठेवावेत आणि तुकड्यांच्या मांडणीचे हे गणित केल्याशिवाय रंगकामाची पुढची निविदा काढू नये.