आधी बघा, मग हात लावा: जुन्या युनिक्स मशीनने शिकवलेला धंदा



"सर, जुन्या मशीनच्या सर्व्हिसिंगमध्ये अजून पैसा आहे का?" हा प्रश्न दर बॅचमध्ये कुणी ना कुणी विचारतंच. माझं स्पष्ट मत सांगतो. पैसा आहे, पण ज्याला हात आवरता येतो त्यालाच. हे मी पुस्तकातून शिकलो नाही, फजिती होऊन शिकलो.

धंद्यात नवीन होतो तेव्हाची गोष्ट. एका छोट्या कारखान्यात सोलारिस 8 वर चालणारा जुना सर्व्हर होता. स्टॉक, बिलं, कामगारांचा पगार, सगळं त्याच्यावर. सकाळी फोन आला, "बिल निघत नाहीये, लगेच या." गेलो. 'डीएफ' कमांड दिली, तर 'व्हार' हा डिस्कचा भाग 100 टक्के भरलेला. आत एक अवाढव्य लॉग फाइल सापडली. मालक मागे उभे. मी ऐटीत फाइल खोडली, परत 'डीएफ' दिली. आकडा तोच, 100 टक्के! घामच फुटला बघा.

काय झालं होतं? युनिक्समध्ये फाइल खोडली की आधी फक्त यादीतलं नाव जातं. एखाद्या चालू प्रोग्रामने ती फाइल उघडी धरली असेल, तर त्याने ती सोडेपर्यंत जागा मोकळी होत नाही. 'डीयू' नावं बघून मोजतं, 'डीएफ' डिस्कचा हिशोब सांगतं. दोघांच्या आकड्यांत मोठी तफावत दिसली, की पहिला संशय हाच घ्यायचा. उपाय साधा आहे, तो प्रोग्राम नीट बंद करून परत चालू करा.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मला मालकांना खूश करायचं होतं. रूटचा जुना बोर्न शेल मला गैरसोयीचा वाटत होता, म्हणून पासवर्ड फाइलमध्ये जाऊन मी तिथे 'बॅश' टाकला. पत्त्यात एक अक्षर चुकलं आणि मी लॉगआउट केलं. परत लॉगिन करायला गेलो, तर मशीन आत घेईना. जो शेल जागेवरच नाही, तो मशीन देणार कुठून? शेवटी सीडीवरून मशीन चालू केलं, डिस्क जोडली, ते एक अक्षर दुरुस्त केलं. चार तास कारखान्याची बिलं अडली. शेवटचा टेप बॅकअप कधीचा, हे तिथे कुणालाच सांगता येत नव्हतं. त्या दिवशी मी एक रुपयाही घेतला नाही. कुठल्या तोंडाने मागणार?

म्हणून माझं म्हणणं असं, की ग्राहक तुम्हाला कमांड टाइप करण्याचे पैसे देत नाही. त्याची वर्षानुवर्षांची खाती तुमच्या हातात सुरक्षित राहतील, या भरवशाचे देतो. तो भरवसा टिकवायचा तर हा क्रम पाळा:

1. पहिला अर्धा तास फक्त बघा. 'डीएफ -के' वापरा, कारण नुसती 'डीएफ' बऱ्याच जुन्या युनिक्सवर 512 बाइटच्या ब्लॉकमध्ये आकडे देते. तेच किलोबाइट समजलात, तर शिल्लक जागा दुप्पट वाटेल.

2. जागा असूनही नवी फाइल बनत नसेल तर आयनोड तपासा. बारीकसारीक फाइलींचा ढीग झाला की तेही संपतात.

3. मेसेजेस फाइल वाचा. 'आयओस्टॅट -ईएन' मध्ये हार्ड एररचा आकडा वाढत असेल, तर डिस्कच जाण्याच्या मार्गावर आहे असं समजा. साफसफाई बाजूला ठेवा, आधी डेटा दुसरीकडे काढा.

4. वापरात असलेल्या डिस्कवर 'एफएससीके'ची दुरुस्ती चालवू नका. आगीतून फुफाट्यात पडाल.

5. रूटच्या शेलला हात लावू नका. लावावाच लागला, तर एक रूट खिडकी उघडी ठेवून दुसरीतून लॉगिन करून बघा. चूक निघाली तर दुरुस्तीला दार उघडं राहतं.

काही जण म्हणतील, "एवढं कशाला? ग्राहकाला नवीन सर्व्हरच विका." अहो, विका ना! जुनं मशीन कधीतरी बदलायचंच आहे. पण बिल अडलेल्या दिवशी घाबरलेल्या माणसाला विकू नका. आधी त्याचं काम चालू करा, बॅकअप घ्या, तो परत वाचता येतो का हे त्याच्यासमोर दाखवा. मग चहा घेता घेता नव्या मशीनचं बोला.

आणि तपासणीची फी वेगळी लावा, लाजू नका. डॉक्टर नाडी बघण्याचे पैसे घेतोच की! कोटेशनमध्ये पहिली ओळ 'तपासणी व बॅकअप', दुसरी 'दुरुस्ती'. पहिली ओळ जो ग्राहक मान्य करत नाही, ते काम मी आजही नम्रपणे नाकारतो.

त्या कारखान्याच्या मालकांनी मला नंतर परत बोलावलं. चूक लपवली नाही, म्हणून. तुमच्याही हातून चुका होतील. त्या ग्राहकाला स्वतःहून सांगा, त्याला दुसऱ्याकडून कळू देऊ नका.

चला, भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत आज एक काम करा, स्वतःच्या कॉम्प्युटरचा बॅकअप उघडून बघा. उघडतोय ना?