दुर्बल हृदयाचे रुग्ण आणि चालण्याची शक्ती

हृदयविफलतेच्या रुग्णाला ज्या औषधाने चार पावले अधिक चालता येतात ते औषध गुणकारी, हे मत इतके स्वाभाविक वाटते की त्यावर हरकत घेणाऱ्यावरच पुराव्याची जबाबदारी येऊन पडते. आणि तो पुरावा वैद्यकाच्या दप्तरी केव्हाच दाखल झालेला आहे. हृदयाच्या आकुंचनाला जोर देणाऱ्या मिलरिनोनमुळे रुग्ण ट्रेडमिलवर अधिक वेळ टिकतात, असे १९८९ मध्ये दिसले होते. परंतु १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १,०८८ रुग्णांच्या 'प्रॉमिस' चाचणीत त्याच औषधाच्या गोळ्या घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण २८ टक्क्यांनी अधिक भरले. फ्लोसेक्विनान या दुसऱ्या औषधाला १९९२ च्या अखेरीस अमेरिकेत मंजुरी मिळाली, आणि पुढच्याच वर्षी, मृत्यू वाढल्याचे दिसताच, ते बाजारातून काढून घेतले गेले. पराणी टोचल्यावर थकलेला बैल आणखी एक तास ओढतो, म्हणून त्याचे बळ वाढले असे कोणताही शेतकरी म्हणणार नाही.

यावरून काही विद्वान दुसऱ्या टोकाला जातात आणि आयुष्य वाढते की नाही एवढेच पाहावे, चालण्याची मोजदाद गौण मानावी, असा निर्णय देतात. तोही आम्हांस मान्य नाही. ज्याला अंगावर पाणी घेताना धाप लागते, जिना चढताना मध्येच बसावे लागते, त्याची फिर्याद आयुर्मानाच्या आकड्यांवर निकालात काढणे हा उघड अन्याय होय.

चूक चालणे मोजण्यात नव्हती. अशक्तपणाचे मूळ केवळ हृदयात शोधण्यात होती. दीर्घ आजारात हातापायांचे स्नायू झिजतात, शरीरातील लोहाचा साठा आटतो, आणि रक्ताने पोहोचविलेला प्राणवायू वापरण्याचे स्नायूंचे सामर्थ्यच घटते. २००९ च्या 'फेअर-एचएफ' चाचणीत लोहाची कमतरता असलेल्या ४५९ रुग्णांपैकी ज्यांना शिरेवाटे लोह दिले गेले, ते सहा मिनिटांत अधिक अंतर चालू लागले. आणि विशेष हे की, रक्तक्षय नसलेल्यांनाही गुण आला. मग स्वस्त गोळ्या का देऊ नयेत, असा आक्षेप योग्यच आहे. पण २०१७ मध्ये २२५ रुग्णांवर तोही पडताळला गेला आणि गोळ्यांनी श्रमक्षमता वाढली नाही; हेप्सिडिन हे संप्रेरक आतड्यांतून लोह शोषले जाऊ देत नाही, हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते. झिजलेल्या स्नायूंविषयी म्हणाल, तर देखरेखीखालील व्यायामाने अल्प का होईना, पण निर्धोक लाभ होतो, हे २,३३१ रुग्णांच्या 'एचएफ-ॲक्शन' चाचणीने दाखविलेच आहे.

तेव्हा हृदयविफलतेच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन ठीक आहे एवढ्यावर समाधान मानून त्याला घरी पाठवू नये. लोहाची कमतरता दाखविणाऱ्या फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन संपृक्तता या दोन्ही तपासण्या कराव्यात, आणि डॉक्टरांनी त्या सुचविल्या नाहीत, तर रुग्णाच्या आप्तांनी त्यांविषयी निःसंकोच विचारावे.