कंपनीने दिली तशी

अमेरिकेत मध्यंतरी पिकअप ट्रकचे नाक आभाळाकडे आणि बूड जमिनीकडे, अशा थाटात मिरवण्याची टूम निघाली होती. नॉर्थ कॅरोलायना राज्याने २०२१ मध्ये कायदा करून ती मोडली. फेरफार करून पुढचे मडगार्ड मागच्यापेक्षा चार इंच उंच केले, तर गाडी रस्त्यावर आणायची नाही. मडफ्लॅपचेही तिथे राज्यागणिक वेगळे नियम. बिचाऱ्या हौशी मंडळींना खडकात, चिखलात गाडी घालायची तर सुटीचा दिवस बघून मुद्दाम रस्ता सोडावा लागतो. भिवंडीकरांना एवढी तसदी नाही. अंजूरफाट्याहून माणकोलीकडे किंवा नदीनाक्यावरून वाड्याकडे निघालेला आयशर रस्ता न सोडताच ऑफ-रोड असतो, तोही हौदा मालाने गच्च भरलेला असताना.

पावसाळ्यात इथल्या कमानवाल्यांना उसंत नसते. गोदामाच्या गल्लीत मागचे चाक आपटते, कमानीतला एखादा पाटा तुटतो आणि मालक एकाच्या जागी दोन घालून घेतो. गाडी दोन-तीन बोटे वर येते. याला कोणी ‘लिफ्ट किट’ म्हणत नाही. ‘पाटा वाढवला’ म्हणतात आणि चहा मागवतात. मडफ्लॅपचे तर आयुष्यच अल्प. फलाटाला लावायला गाडी रिव्हर्स घेताना चाक चिखलात बसते, रबर चाकाखाली सापडते आणि लोखंडी पट्टीसकट उपटून निघते. मग पुढच्या पासिंगपर्यंत गाडी तशीच. पासिंगच्या दिवशी मात्र नवे रबर, नवी रिफ्लेक्टर टेप, घासून धुतलेली नंबरप्लेट. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत हा सोहळा दोन वर्षांतून एकदा, पुढे दरसाल.

कायद्याच्या नजरेत हे सगळे फेरफाराच्या पंगतीत बसू शकते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ म्हणते की नोंदणीपत्रातला तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये, केरळातून आलेल्या एका प्रकरणात, तेच ठासून सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. कायद्यात न बसणाऱ्या प्रत्येक फेरफारामागे मालकाला पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे नुसते कागदावर राहिलेले नाही. श्रीनगरमध्ये २०२२ साली एका थारमालकाला सहा महिन्यांची शिक्षा झाली. पुढे चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर तो तुरुंगाबाहेर राहिला, इतकेच. गोदामांनी जमिनीला सोन्याचा भाव आणलेल्या भिवंडीत रुंद टायरांच्या, उंचावलेल्या थार काही कमी दिसत नाहीत. मालक मात्र निर्धास्त. (भिवंडीतल्या एका व्यावसायिकाने हेलिकॉप्टर घेतल्याच्या बातम्या २०२१ मध्ये आल्या होत्या. इथल्या रस्त्यांचा विचार करता त्याने हौस केली की हिशेब, हे सांगणे अवघड आहे.)

कायदा चुकीचा आहे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. ट्रकच्या मागे जो आडवा लोखंडी दांडा असतो, तो जमिनीपासून साडेपाचशे मिलिमीटरच्या वर नसावा, असे मानक आहे. कारण साधे आहे : मागून धडकलेली मोटार ट्रकखाली शिरू नये. पाटे वाढवले की दांडाही वर जातो, आणि मोटारीतल्या माणसाची मान व हौद्याची कड एका रेषेत येतात. मडफ्लॅपही शोभेचा नाही. मागच्या जोडचाकांच्या फटीत मुठीएवढा दगड अडकतो. जाणता ड्रायव्हर निघण्यापूर्वी टॉमी घालून तो पाडतो. न पाडल्यास वेग घेताच तो मागे भिरकावला जातो, आणि मागे बहुतेक वेळा दुचाकीवाला असतो. तेव्हा रबर हवेच, दांडाही जागेवर हवा. ट्रकमालकाला यातून सूट द्यावी, असे कोणी म्हणू नये.

प्रश्न एवढाच की ‘कंपनीने दिली तशी’ हा दंडक एकट्या गाडीलाच का? गाडीला कंपनी एक असते. भिवंडीच्या रस्त्याला धनी अनेक : राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, रस्ते विकास महामंडळ, सार्वजनिक बांधकाम, एमएमआरडीए, महापालिका आणि उरलेल्या तुकड्याला ग्रामपंचायत. कोणता खड्डा कोणाचा, हे ठरेपर्यंत पावसाळा सरतो. गंमत म्हणजे ज्या दुरुस्तीने ट्रकमालकासाठी १८२-अ आणले, तिनेच रस्तेवाल्यांसाठी १९८-अ आणले आहे. रस्त्याची आखणी, बांधणी, देखभाल ठरल्या दर्जाची न ठेवणारा कंत्राटदार किंवा प्राधिकरण यांना एक लाखापर्यंत दंड. पण तो त्या हयगयीने कोणाचा जीव गेला किंवा कोणी अपंग झाले तरच. कैद नाहीच. म्हणजे पाटा वाढवल्याबरोबर गुन्हा पुरा होतो. खड्डा मात्र माणूस घेईपर्यंत निर्दोष. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डाबळीच्या वारसांना सहा लाख रुपये भरपाई ठरवून दिली, ती या हिशेबातली बरी बाजू. पण तिलाही आधी बळी लागतोच.

१९८-अ मधले पोटकलम तर वाचण्यासारखे आहे. दोष ठरवताना न्यायालयाने काय काय पाहावे, याची त्यात यादी आहे. त्यातला एक मुद्दा असा : तो रस्ता कोणत्या स्थितीत असेल, अशी वापरणाऱ्यांची अपेक्षा होती? भिवंडीच्या कोणत्याही ड्रायव्हरला साक्षीला बोलवा. तो शपथेवर सांगेल की खड्डा असणार, हे त्याला ठाऊक होते. म्हणून तर पाटा वाढवला. या एका जबाबात कंत्राटदाराचा बचाव आणि ट्रकमालकाचा कबुलीजबाब दोन्ही उरकतात. यादीत आणखी एक मुद्दा आहे : दुरुस्ती वेळेत होण्याजोगी नव्हती, तर रस्त्याच्या स्थितीचा इशारा देणारे फलक लावले होते काय? इकडे खड्ड्यात एखादा ड्रायव्हरच झाडाची फांदी खोचून ठेवतो, नाहीतर जुना टायर आडवा टाकतो. तो फलक धरायचे ठरले, तर तो आपणच लावला होता, असे सांगायला एकाच वेळी सहा खाती पुढे येतील.