आरोग्यविचार : रक्ताची अतिसमृद्धि
चेहरा आरक्त दिसूं लागला कीं घरांतील वडील मंडळी ‘प्रकृति सुधारली’ असें मानतात. परंतु ऊन पाण्यानें स्नान केल्यावर पुरळाविना असह्य कंड सुटणें, डोकें जड होणें, तळपायांची आग, डाव्या कुशींत जडपणा, हीं लक्षणें एकत्र दिसल्यास रक्त तपासून घ्यावें. पॅरिसच्या वाकेझ यांनीं १८९२ सालीं वर्णिलेला ‘पॉलिसायथेमिया व्हेरा’ हा विरळा रक्तकर्करोग असाच गुप्तपणें येतो. तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होतें. गुठळी होऊन पक्षाघाताचें भय असतें. कंड कधींपासून सुटतो, स्नानानंतर किती वेळ टिकतो, हें डॉक्टरांस सांगावें. सुनांनीं संकोचानें लपवूं नये. २००५ सालीं उमगलेला यांतील जनुकदोष बहुधा जन्मानंतरच उद्भवतो, तेव्हां मुलींच्या विवाहाची चिंता व्यर्थ होय. कौतुक असें कीं, सुश्रुतास परिचित असलेलें रक्तमोक्षण येथें आजहि मुख्य उपचारांत मोडतें : पेशींचें प्रमाण शेंकडा ४५ च्या खालीं राहील इतकें रक्त वेळोवेळीं काढतात.